मुंबईच्या उपनगरातला प्रचार आणि गावाकडचा कार्यकर्ता



निवडणूक जाहीर झाली की मुंबईहून गावाकडे फोन सुरू होतात. कुणाचा भाऊ घाटकोपरला माथाडीत आहे, कुणाचा मेहुणा बोरिवलीला, तर कुणाची अर्धी भावकी मुलुंडला. "आपल्या ओळखीच्या माणसाला तिकीट मिळालंय. चार पोरं पाठवा. पंधरा दिवसांचं तर काम आहे," असा निरोप येतो आणि पोरं गाडीत बसतात. काही चांगलं शिकून परत येतात. काहींच्या हाती फक्त टोपी आणि उपरणं राहतं. एखाद्याच्या मागे मात्र पोलिसात नोंद लागते, आणि नोकरीच्या वेळी ती आडवी येते.

मुंबईच्या निवडणुकीशी साखर कारखान्याच्या अंकाचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. गेल्या काही विधानसभा निवडणुका गळिताच्या तोंडावरच झाल्या. २०१४ साली मतदान १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. म्हणजे ऊसतोडीची गडबड, पूर्वहंगामी लागण आणि प्रचार एकाच वेळी. घरचा एक हात पंधरा दिवस बाहेर गेला तर त्याची किंमत सभासदाच्या घराला मोजावी लागते. ती मोजायचीच असेल तर काम नेमके काय असते, कायदा काय म्हणतो आणि आपल्या पोराने काय सांभाळावे, हे आधी माहीत असलेले बरे. हा लेख कुणा पक्षाच्या बाजूचा नाही आणि कुणाच्या विरोधातला नाही. कोणाचा प्रचार करावा हे ज्याचे त्याने ठरवावे.

उपनगर म्हणजे काय

आपल्याला मुंबई म्हटले की फोर्ट आणि गिरगाव आठवते. पण मते आहेत ती उपनगरात. १९५० साली मुंबईची हद्द वाढली आणि अंधेरीपर्यंतचा भाग शहरात आला. १९५७ साली ती आणखी पुढे सरकली, पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत. १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी २६ उपनगर जिल्ह्यात आहेत आणि शहरात अवघे १०.

ही वस्ती एका रंगाची नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. उत्तरेकडून आलेले लोक आहेत, दक्षिणेकडचे आहेत, जुने कोळी आणि ईस्ट इंडियन गावठाणातले लोक आहेत, आणि सातारा, सांगली, पुणे, नगर, कोकण इथून पोटासाठी आलेले आपले लोकही आहेत. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहत होते, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. त्यांनी, अमर शेखांनी आणि गव्हाणकरांनी लालबावटा कलापथक चालवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी डफावर थाप मारून चाळीचाळीत माणसे जागी केली. टीव्ही आणि मोबाईल नसतानाचा प्रचार तो. माणसाने माणसाच्या दारात जाऊन बोलायचे, हे त्याचे मर्म होते. साधने बदलली तरी ते मर्म आजही तेच आहे.

अठ्ठेचाळीस मतांची गोष्ट

"आपल्या एका पोराने काय फरक पडतो?" असे म्हणणाऱ्यांनी २०२४ सालचा मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल आठवावा. जोगेश्वरी, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि अंधेरी या भागांचा हा मतदारसंघ. मतदान २० मे रोजी झाले आणि मोजणी ४ जूनला. रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर या दोघांनाही साडेचार लाखांवर मते पडली. वायकर निवडून आले ते अवघ्या ४८ मतांनी. आपल्या एखाद्या वस्तीवरच्या गल्लीतसुद्धा याहून जास्त मते असतात. पुढे निवडणूक याचिका झाली, तीत प्रदत्त मतांचाही मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. प्रदत्त मत म्हणजे काय ते पुढे सांगतो.

दुसरी बाजूही बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक झाली. मोठ्या विरोधी पक्षाने उमेदवार मागे घेतला होता. मतदान शेकडा ३२ च्या आसपास झाले. ऋतुजा लटके विजयी झाल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, 'नोटा' होता. त्याला १२,८०६ मते पडली. म्हणजे उपनगरातला मतदार घराबाहेर काढणे सोपे नाही, आणि बाहेर निघालेला मतदार आपल्याला हवे तेच बटण दाबेल असेही नाही.

पेरणी आधी, कापणी नंतर

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तोडीला यायला सोळा ते अठरा महिने लागतात. शेवटच्या पंधरवड्यात कितीही खत टाकले तरी त्याचे टनेज वाढत नाही. मतांचे पीकही असेच असते. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण उपनगरातच आहे, गोरेगावच्या मृणालताई गोरे यांचे.

मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामाला वाहून घेतले. पती केशव गोरे यांच्याबरोबर त्यांनी गोरेगावात समाजवादी कामाला सुरुवात केली. १९५८ साली केशवराव वारले. पण बाई खचल्या नाहीत. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. तेव्हाच्या उपनगरात घरे वाढत होती, पण पाणी नव्हते. नळाच्या एका तोटीपुढे हंड्यांच्या रांगा लागत. मृणालताईंनी बायकांना बरोबर घेऊन महापालिकेच्या दारात धडक दिली, अधिकाऱ्यांना जाब विचारला आणि एकेका वस्तीला पाणी मिळवून दिले. लोकांनी त्यांना नाव दिले 'पाणीवाली बाई'. १९७२ साली त्या मालाडमधून विधानसभेवर गेल्या. त्याच वर्षी महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. त्यात अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई पुढे होत्या. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरातले लाटणेच त्यांनी मोर्चाचे निशाण केले.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत राहिल्या, नंतर तुरुंगात गेल्या. १८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झाले. मध्ये दोन महिनेसुद्धा नव्हते. विरोधी पक्षांची संघटना विस्कटलेली, पैसा नाही, बरेच कार्यकर्ते नुकते तुरुंगातून सुटलेले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक त्या वेळी प्रचारसभांतून बोलले. जनता पक्षाचे उमेदवार चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याच्या निशाणीवर उभे होते. उत्तर मुंबईतून मृणालताई निवडून आल्या. शेजारच्या वायव्य मुंबईत राम जेठमलानींनी त्या वेळचे कायदामंत्री ह. रा. गोखले यांना हरवले. ईशान्य मुंबईतून, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या बाजूने, सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. देशभर वारे बदलले होते, हे खरे. पण मृणालताईंसाठी जी माणसे दारोदार गेली त्यांना उमेदवाराची ओळख करून द्यावी लागली नाही. ज्या बाईने पाणी आणले ती कोण, हे मतदार बायकाच कार्यकर्त्याला सांगत होत्या, असे म्हटले तरी चालेल.

अशीच गोष्ट राम नाईक यांची. लोकल गाड्यांनी ये-जा करणाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी त्यांनी १९६४ साली गोरेगाव प्रवासी संघ काढला. १९७८ पासून ते बोरिवलीतून तीनदा विधानसभेवर आणि १९८९ पासून उत्तर मुंबईतून पाच वेळा लोकसभेवर निवडून आले. पण पीक उभे असताना गारपीटही होते. २००४ साली सिनेनट गोविंदा यांनी त्यांचा पराभव केला. केलेल्या कामावर मते हमखास मिळतात अशी हमी कुणी देऊ शकत नाही. काम नसेल तर मात्र कार्यकर्त्याला दारात उभे राहून सांगायला काही उरत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील भागभांडवलासाठी गावोगाव फिरले. शेतकऱ्याने शेअरचे पैसे दिले ते पत्रक वाचून नव्हे, दारात आलेल्या माणसावर विश्वास ठेवून.

म्हणून मुंबईहून निरोप आला तर पहिला प्रश्न असा विचारा: "तुमच्या उमेदवाराने गेल्या पाच वर्षांत या वस्तीसाठी काय केलं?" उत्तर नीट मिळाले तर पोराला जाऊ द्या. उत्तर चाचपडत आले तर पोराला तिकडे दारोदार खोटे बोलावे लागणार, हे समजून घ्या.

काम कसे चालते

प्रचार म्हटला की सभा, मिरवणूक आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात. खरे काम तिथे नसते, ते मतदार यादीत असते. यादीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला मतदान केंद्र ठरलेले असते. चांगला कार्यकर्ता एक भाग घेतो आणि तो पाठ करतो. कुठल्या इमारतीत किती मते, कोण वारले, कोण घर सोडून विरार-बदलापूरला गेले, कुणाचे नाव चुकले, ही नोंद तो पेन्सिलीने करतो. आपल्याकडे चिटबॉय जसा गटनिहाय उसाच्या नोंदी ठेवतो तसेच हे काम आहे. नोंद चुकली की तोडीचा क्रम चुकतो. यादी चुकली की मत चुकते.

दुसरे काम दारावरचे. चाळीत आणि झोपडपट्टीत कार्यकर्ता सरळ दारात जाऊ शकतो. मोठ्या सोसायटीत वॉचमन अडवतो. तिथे आधी सेक्रेटरीला भेटून वेळ घ्यावी लागते. दिवसा घरी म्हातारी माणसे आणि लेकरे असतात. कमावता माणूस लोकलने साडेसात-आठला परततो. त्यामुळे काम सायंकाळी आणि रविवारी सकाळी. दारात दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आपले नाव, आपण कुठले, कुणासाठी आलो एवढे सांगून समोरच्याला बोलू द्यावे. तो गटार तुंबल्याचे सांगेल, कमी दाबाच्या पाण्याचे सांगेल, पुनर्विकासात अडकलेल्या घराचे सांगेल. ते वहीत लिहून घ्यावे आणि रात्री कार्यालयात द्यावे. मतदाराचे गाऱ्हाणे उमेदवारापर्यंत नेणे हे कार्यकर्त्याचे निम्मे काम आहे. "साहेब करून टाकतील" असे वचन मात्र आपल्या तोंडाने देऊ नये. ते पाळणे आपल्या हातात नसते.

तिसरे काम स्टेशनवरचे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या स्टेशनांबाहेर सकाळच्या गर्दीत पत्रके वाटली जातात. तिथे बोलायला वेळ नसतो, माणूस गाडी पकडायला धावत असतो. पत्रक हातात द्यायचे आणि बाजूला व्हायचे.

चौथे काम मतदानाच्या दिवसाचे, आणि हे सर्वांत जोखमीचे. उमेदवाराच्या वतीने केंद्रात बसणारा मतदान प्रतिनिधी नमुना १० भरून नेमला जातो. तो त्याच मतदारसंघातला मतदार लागतो, म्हणून गावाहून गेलेल्या पोराला तिथे बसता येत नाही. बसणाऱ्याने काय पाहायचे ते असे: मतदान सुरू होण्याआधी यंत्रावर किमान ५० मतांची चाचणी होते. ती डोळ्यांदेखत व्हावी, यंत्र पुन्हा शून्यावर यावे आणि मोहोर लागावी. आलेला माणूस तोच मतदार नाही अशी शंका असेल तर २ रुपये भरून आक्षेप घेता येतो. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात. खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल, तर त्याला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. तेच प्रदत्त मत. ते वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. मतदान संपल्यावर किती मते पडली याचा हिशेब नमुना १७ सी मध्ये लिहिला जातो. त्याची प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने उठू नये. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्या कागदाशी ताडून पाहायचा असतो. वजनकाट्याची पावती न घेता कुणी सभासद कारखान्यावरून परत येतो का? मग १७ सी ची प्रत न घेता कसे उठायचे?

कायदा काय म्हणतो

आपल्या पोराला खालच्या गोष्टी सांगूनच पाठवावे.

१. मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार बंद होतो. त्यानंतर सभा नाही, मिरवणूक नाही. जे कार्यकर्ते त्या मतदारसंघाचे मतदार नाहीत त्यांनी प्रचार संपताच मतदारसंघ सोडायचा, असा निवडणूक आयोगाचा आदेश असतो. म्हणजे गावाहून गेलेल्या पोराने आदल्या दिवसाची वाट न बघता परतीची गाडी धरावी. "थांब रे, मतदान बघून जा" असे कोणी म्हटले तरी थांबू नये.

२. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागणे गुन्हा आहे.

३. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असलीच पाहिजेत. नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बिननावाचे पत्रक हातात घेऊच नका. त्यात बहुतेक वेळा कुणाची तरी बदनामी असते.

४. मतदारांना गाडीतून फुकट केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे हा भ्रष्टाचार ठरतो. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते.

५. मतासाठी पैसे वाटणारा आणि घेणारा दोघेही दोषी. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पाकिटे वाटायला दिली तर पोराने सरळ नकार द्यावा. सापडतो तो वाटणारा, देणारा सापडत नाही.

६. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराच्या किंवा पक्षकार्यकर्त्याच्या गाडीत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते. उसाचे बिल उचलून कुणी मुंबईला निघाला असेल तर बँकेची पावती जवळ ठेवावी आणि प्रचाराच्या गाडीत बसू नये.

७. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

८. धर्माच्या नावावर मत मागता येत नाही. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. प्रचारातल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. भाषणे उमेदवाराने एकट्याने केलेली नव्हती. त्याच्या संमतीने दुसरा बोलला तरी परिणाम उमेदवाराला भोगावा लागतो. जातीच्या नावाने मत मागण्यालाही हाच कायदा लागू आहे.

खर्चाचेही समजून घ्या. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. कार्यकर्त्यांचा चहा, जेवण, गाडी हेही हिशेबात धरले जाते. तेव्हा "हिशेबात न धरता" कुणी काही देऊ लागला तर ते कुणाच्या सोयीचे आहे, याचा विचार करावा.

नाव एकाच ठिकाणी

आता सभासदांच्या घराशी निगडित अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुंबईला गेलेल्या मुलांची नावे पुष्कळ वेळा दोन याद्यांत असतात, एक गावात आणि एक मुंबईत. प्रचाराच्या काळात कार्यकर्तेच घाईघाईने नावे नोंदवून घेतात आणि जुने नाव काढायचे राहून जाते. कायद्याने एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते. नाव दुसरीकडे नाही असे खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जागा बदलली असेल तर नमुना ८ भरून नाव हलवावे. पहिल्यांदाच नोंदवायचे असेल तर नमुना ६.

यावर एक शंका हमखास येते: "नाव मुंबईला हलवलं तर कारखान्याचं मत जातं का?" नाही. कारखान्याचे मत सभासद नोंदवहीवर आणि पोटनियमांतल्या अटींवर आहे. विधानसभेच्या यादीशी त्याचा संबंध नाही. शेअर किती का असेनात, सभासदाला मत एकच. मात्र ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. नाव मुंबईला गेले की ही तिन्ही मते गावातून जातात. तेव्हा नाव कुठे ठेवायचे हे घरात बसून, जो जिथे खरोखर राहतो ते पाहून ठरवा. दोन्हीकडे ठेवण्याचा मोह नको.

पाठवण्यापूर्वी

आमचे सांगणे थोडक्यात असे.

पोराला पाठवायचे तर त्याच्या मनाने जाऊ द्या. कुणाच्या उपकाराची फेड म्हणून ढकलू नका. राहण्याची जागा कुणाकडे, जेवण कुठे, जाण्या-येण्याचे भाडे कोण देणार, हे आधी ठरवून घ्या. दिवस मोजून सांगा. शाळा-कॉलेजचे वर्ष, पोलीस भरती किंवा नोकरीची परीक्षा तोंडावर असेल तर उमेदवार कितीही जवळचा असो, नाही म्हणा. दगडफेक, बॅनर फाडणे, दुसऱ्याच्या सभेत गोंधळ घालणे ही कामे स्वयंसेवकाची नव्हेत. ती सांगणारा माणूस गुन्हा नोंदल्यावर फोन उचलत नाही. मोबाईलवर आलेला मजकूर तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. तोंडचा शब्द विसरला जातो, मोबाईलवरचा पुरावा म्हणून राहतो.

आणखी एक. कारखान्याची जीप, ट्रॅक्टर, डिझेल किंवा कामगारांची हजेरी कुठल्याही प्रचारासाठी वापरली जाऊ नये, मग उमेदवार कुणाच्याही जवळचा असो. ती मालमत्ता सर्व सभासदांची आहे आणि सभासदांत सर्व पक्षांची माणसे आहेत. असे होताना दिसले तर सभासदाने बोलले पाहिजे.

उपनगरातल्या चांगल्या कार्यकर्त्याकडून आपल्याला शिकण्यासारखेही आहे. आपल्या कारखान्याची निवडणूक आली की आपण पॅनेलची नावे मोजतो आणि जेवणावळी मोजतो. यादीत मयत सभासदांची नावे किती, वारस नोंद कुणाची राहिली, गटातल्या पाण्याचे किंवा रस्त्याचे गाऱ्हाणे कुणी लिहून घेतले, हे कोण मोजतो? गोरेगावच्या बाईंनी आधी नळाला पाणी आणले आणि मग मत मागितले. आपल्याकडे मत मागायला येणाऱ्यालाही हाच क्रम विचारावा.

ज्यांची वारस नोंद राहिली आहे त्यांनी कागदपत्रांसह शेअर विभागात यावे आणि आपापली नोंद पाहून घ्यावी. मतदानाच्या आदल्या आठवड्यात आलेल्या अर्जाचा कुणालाच उपयोग होत नाही.